दगड घडलेला की घडवलेला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे: फिरताना सापडलेला हा दगड माणसाच्या हातून घडला आहे का? पत्रांसोबत फोटो आहेत, काहींनी मोजमापेही दिली आहेत, आणि प्रत्येक पत्रामागचे कुतूहल खरे आहे हे वाचताना जाणवते. फोटोंवरून जेवढे खात्रीने सांगता येते तेवढेच पुढे सांगितले आहे. पत्रलेखकांची नावे आणि दगड सापडल्याची ठिकाणे मुद्दाम छापलेली नाहीत; ठिकाण छापून आले की तेथे पिशव्या घेऊन माणसे पोहोचतात आणि अभ्यास होण्याआधीच जागा रिकामी होते.

प्रश्न: नदीच्या पात्रात मला तळहाताएवढा त्रिकोणी दगड मिळाला. त्याचे एक टोक निमुळते आहे आणि मुठीत धरला तर अंगठा बरोबर एका खळग्यात बसतो. ही अश्मयुगातील हातकुऱ्हाड असावी, असे मला वाटते. सोबत तीन फोटो पाठवले आहेत.

उत्तर: तिन्ही फोटो स्वच्छ असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. हा दगड पाण्याने घडलेला आहे, माणसाने घडवलेला नाही. पण नुसते 'नाही' म्हणून थांबणे योग्य होणार नाही, कारण ज्या दोन गोष्टींमुळे आपल्याला ही हातकुऱ्हाड वाटली त्याच दोन गोष्टींनी बहुतेकांची फसगत होते. पहिली म्हणजे आकार आणि दुसरी म्हणजे हातात बसणे. माणसाचा पंजा इतका लवचिक आहे, की मुठीएवढा कोणताही गोटा चार वेळा फिरवून पाहिला तर पाचव्या वेळी तो कुठेतरी बरोबर बसतोच आणि अंगठ्याला खळगाही सापडतो. टोकदार, त्रिकोणी दगड नदीत हजारोंनी असतात, कारण भेगा पडलेला खडक त्या भेगांच्या दिशेनेच फुटतो. म्हणून दगड ओळखताना आकार सर्वांत शेवटी पाहावा आणि पृष्ठभाग सर्वांत आधी.

पृष्ठभागावर काय शोधायचे, हे कळण्यासाठी दगड फुटतो कसा ते समजून घ्यावे लागते. चकमक, चर्ट, अकीक, कॅल्सेडनी, जास्पर, ऑब्सिडियन नावाची ज्वालामुखीची काच, तसेच बारीक कणांचा क्वार्टझाइट आणि बेसाल्ट हे दगड कमी-अधिक प्रमाणात काचेसारखे फुटतात. कडेजवळ, जेथे दोन पृष्ठांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी आहे अशा जागी, दुसऱ्या दगडाने नेमका घाव घातला की आघाताचा जोर शंकूच्या आकारात आत पसरतो आणि एक पातळ टवका सुटून येतो. अभ्यासक त्याला छिलका म्हणतात. या छिलक्याच्या आतल्या अंगावर, घाव बसला त्या जागेच्या लगेच खाली, एक फुगीर उंचवटा असतो. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलये तेथून पसरत गेलेली असतात. आणि त्या उंचवट्यावरच कित्येकदा नखाएवढा एक पापुद्रा निघालेला दिसतो. ज्या मूळ दगडावरून छिलका निघाला त्या गाभ्यावर या सर्वांचा उलटा ठसा उरतो, म्हणजे उंचवट्याच्या जागी खळगा. ही वलये शिंपल्यावरच्या रेषांची आठवण करून देतात, आणि भूशास्त्रात अशा फुटण्याला शंखाभ भंजन असे नाव आहे.

हातकुऱ्हाडीवर असे ठसे एक-दोन नसतात, बरेच असतात, आणि ते बहुधा दोन्ही तोंडांवर असतात. कारागिराने कडेवर एका बाजूने घाव घातला, दगड उलटवला, आणि मग आधीच्या ठशाच्या कडेवरच दुसऱ्या बाजूने घाव घातला. त्यामुळे कड नागमोडी होते, आणि एक ठसा दुसऱ्याला कापत जातो. कोणता घाव आधी बसला आणि कोणता नंतर, हे भिंगाखाली वाचता येते. आपल्या दगडाच्या दुसऱ्या फोटोत उजव्या कडेला एक मोठा खळगा दिसतो खरा, परंतु त्यात वलये नाहीत, त्याच्या कडा गोट्याच्या बाकीच्या अंगाइतक्याच गुळगुळीत आहेत, आणि त्याला कापणारा शेजारचा एकही ठसा नाही. निमुळते टोक दोन सपाट भेगा एकमेकींना जेथे मिळाल्या तेथे तयार झाले आहे. तिसरा फोटो मोठा करून पाहिलात तर त्यांपैकी एक भेग दगडाच्या पोटात शिरताना केसासारखी बारीक दिसेल.

नदीतून वाहत आलेली खरी हातकुऱ्हाडही झिजते, हे मान्य केले पाहिजे. पण झीज कंगोरे बोथट करते. ठशांची मांडणी सहसा पुसून टाकत नाही. अशी झिजलेली हातकुऱ्हाड तिरप्या उन्हात धरली की पुसट झालेले ठसे सावल्यांनी पुन्हा उमटतात. आपला दगड सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हात एकदा धरून पाहा. मी म्हणतो त्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहिलेले अधिक काळ लक्षात राहते.

प्रश्न: टेकडीच्या पायथ्याशी मिळालेल्या माझ्या तुकड्यावर फुगीर उंचवटा आणि वलये दोन्ही स्पष्ट आहेत. मग हे प्राचीन हत्यार आहे, असे मी खात्रीने म्हणू शकते का?

उत्तर: हा छिलका आहे, याविषयी शंका नाही. तो माणसाने काढला असण्याची शक्यता चांगली आहे. तो हत्यार म्हणून वापरला गेला, आणि तोही प्राचीन काळी, हे मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे. या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि एकीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याची चूक मोठमोठ्या अभ्यासकांकडूनही झालेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन यांनी कडांवर बारीक टवके उडालेले असंख्य ओबडधोबड दगड गोळा केले. ही माणसाची सर्वांत आरंभीची हत्यारे आहेत, असे त्यांचे आणि त्यांच्या बाजूच्या विद्वानांचे म्हणणे होते; त्यांना 'इओलिथ', म्हणजे उषःकालीन दगड, असे नाव पडले. हॅरिसन प्रामाणिक होते आणि त्यांचे परिश्रम अफाट होते. परंतु १९०५ मध्ये फ्रेंच अभ्यासक मार्सेलँ बूल यांनी माँत येथील सिमेंटच्या कारखान्यातील दगड तपासले. तेथे खडू आणि माती पाण्यात घुसळली जात असताना त्यातील चकमकीचे गोटे एकमेकांवर आपटत राहत, आणि त्या घुसळणीतून हुबेहूब इओलिथसारखे दगड बाहेर पडत होते. हात कोणाचाच लागलेला नव्हता. पुढे १९३९ मध्ये आल्फ्रेड बार्न्स यांनी या वादाला मोजमापाचा आधार दिला. ठसा आणि ज्या पृष्ठावर घाव बसला ते पृष्ठ यांच्यामधला कोन त्यांनी दगडामागून दगड मोजला. निसर्गाने फोडलेल्या दगडांत विशालकोन पुष्कळ निघतात. माणसाने घडवलेल्या समूहात मात्र ९० अंश किंवा त्याहून मोठे कोन शेकडा २५ पेक्षा अधिक नसावेत, असा निकष त्यांनी मांडला. यातील 'समूह' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बार्न्स यांची कसोटी एका दगडाला लावताच येत नाही.

अलीकडे तर हा प्रश्न आणखी नाजूक झाला आहे. ब्राझीलमधील सेरा दा कापिवारा राष्ट्रीय उद्यानात कापुचिन माकडे दगडावर दगड आपटतात आणि त्यातून धारदार छिलके निघतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. माकडे ते छिलके वापरत नाहीत, त्यांना ते नकोही असतात. पण उंचवटा, ठसे, धार हे सगळे त्यांवर असते. २०२३ मध्ये थायलंडमधील लांब शेपटीच्या माकडांविषयीही असेच निरीक्षण पुढे आले: कठीण कवचाची फळे फोडताना त्यांच्या दगडांचे टवके उडतात. म्हणजे छिलका हेतूने काढला की नकळत निघाला, हे एकटा छिलका सांगत नाही.

आपल्या बाबतीत मला माकडांपेक्षा खडीचा संशय अधिक येतो. खडी फोडण्याच्या यंत्राच्या जबड्यात चिरडलेल्या दगडावरही उंचवटा आणि वलये येतात, आणि रस्त्यालगत, बांधकामाजवळ किंवा भर टाकलेल्या जमिनीत असे तुकडे सर्वत्र पसरलेले असतात. त्यांची ओळख अशी, की त्यांची सर्व पृष्ठे एकाच ताज्या रंगाची असतात, घाव दोन विरुद्ध बाजूंनी बसलेले असतात आणि ठशांच्या दिशांत काही क्रम लागत नाही. आपल्या फोटोत मात्र आतल्या अंगावर पिवळसर जुना थर दिसतो आणि डाव्या टोकाला एकच लहान करडा टवका ताजा आहे. हा रंगातला फरक आपल्या बाजूने बोलतो: मुख्य फूट जुनी आहे आणि टोक नंतर कधीतरी तुटले आहे. किती जुनी, हे रंगावरून सांगता येत नाही, कारण दगडावर थर चढण्याचा वेग माती, पाणी आणि ऊन यांवर अवलंबून असतो.

थंड प्रदेशांतील वाचकांसाठी एक भर घालतो. गोठण्याने आणि तापण्यानेही दगडावरून गोल टवके उडतात. त्यांचा खळगा उथळ बशीसारखा असतो आणि वलये असलीच तर ती कडेवरच्या एखाद्या बिंदूपासून न निघता खळग्याच्या मध्यापासून निघतात. घाव नेहमी कडेवर बसतो, हे लक्षात ठेवले तर येथे गोंधळ होणार नाही.

आता आपण एकच करावे. त्या जागी पुन्हा जावे, खाली वाकून पन्नास-साठ पावलांचा परिसर सावकाश पाहावा आणि काहीही उचलू नये. त्याच जातीच्या दगडाचे आणखी छिलके, ज्यांवरून छिलके काढले आहेत असे गाभे, आणि दोन्ही टोकांना चेचल्यासारख्या बारीक खुणा असलेला हातोड्याचा गोटा, असे एकत्र दिसले तर आपल्या पहिल्या तुकड्याचे वजन शंभरपट वाढेल. तसे दिसले नाही तर निराश होण्याचे कारण नाही, पण मग 'बहुधा' हा शब्द खोडू नये.

प्रश्न: पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या रानात दगडी पात्यासारखे लहान लहान तुकडे मिळतात. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, रुंदी अर्ध्या बोटाएवढी, रंग दुधी आणि तांबूस. एक लहान शंकूसारखा दगडही मिळाला, ज्यावर उभ्या पन्हाळी आहेत. हे खनिजाचे स्फटिक आहेत का?

उत्तर: नाही, आणि आपले पत्र वाचून मला अतिशय आनंद झाला. हे स्फटिक नाहीत; ही सूक्ष्मपाती आहेत आणि तो शंकू म्हणजे ती पाती ज्यावरून काढली तो गाभा आहे. आपण दोन्ही एकाच जागी पाहिलेत, ही या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

गाभ्याचा फोटो मी बराच वेळ पाहिला. वरचे तोंड सपाट आहे, आणि त्या तोंडाच्या कडेवरून खाली सहा अरुंद पन्हाळी उतरल्या आहेत, एकीला लागून दुसरी. प्रत्येक पन्हाळ म्हणजे निघून गेलेल्या एका पात्याची जागा आहे. दोन पन्हाळींच्या मध्ये जो उभा कंगोरा राहतो, त्याच कंगोऱ्याच्या डोक्यावर पुढचा दाब दिला की जोर कंगोऱ्याच्या वाटेने सरळ खाली जातो आणि समांतर कडांचे पुढचे पाते सुटते. म्हणून आपल्या पात्यांच्या पाठीवर एक किंवा दोन उभे कंगोरे दिसतात. डावीकडून चौथी पन्हाळ मात्र अर्ध्यावरच थांबली आहे आणि तेथे लहानशी पायरी तयार झाली आहे. तेथे जोर आतपर्यंत पोहोचला नाही आणि पाते मध्येच तुटले. त्यानंतर कारागिराने त्या बाजूने पुन्हा प्रयत्न केलेला दिसत नाही. तो क्षण दगडावर तसाच राहिला आहे.

स्फटिकाची पृष्ठे आरशासारखी सपाट असतात आणि त्या खनिजाच्या ठरलेल्या कोनांतच एकमेकांना मिळतात. गाभ्याची पन्हाळ आतून किंचित वळलेली, खोलगट असते. बोटाने चाचपले तरी हा फरक कळतो. लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक आणि कडा समांतर असतील तर त्या छिलक्याला पाते म्हणावे, असा संकेत आहे. आपल्या तुकड्यांपैकी एखाद्याची एक कड मुद्दाम बोथट केलेली आहे का, हे भिंगाने पाहा. अगदी बारीक, एकसारखे, एकाच बाजूने उडवलेले टवके ओळीने दिसले तर ते पाते लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवण्यासाठी तयार केले असण्याची शक्यता आहे. नांगराच्या फाळानेही कडा तुटतात, पण ते टवके अनियमित असतात, ताज्या रंगाचे असतात आणि कधी कधी कंगोऱ्यावर लोखंडाची तांबेरी रेघ सोडून जातात.

कृपया आणखी तुकडे गोळा करू नका. मिळालेले तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा, रानाचा साधा नकाशा काढून त्यावर खुणा करा आणि जवळच्या विद्यापीठातील पुरातत्त्व विभागाला किंवा वस्तुसंग्रहालयाला पत्र लिहा. असे पत्र त्यांना हवेच असते.

प्रश्न: आमच्याकडे एक काळा, चकचकीत, कुऱ्हाडीच्या आकाराचा दगड पिढ्यान्‌पिढ्या आहे. वीज पडली तेव्हा तो जमिनीत गेला, असे थोरली माणसे सांगतात. दुसऱ्या एका दगडाला आरपार भोक आहे. दोन्ही माणसाने केलेले आहेत का?

उत्तर: पहिला होय, दुसरा नाही.

घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी विजेबरोबर आकाशातून पडतात, ही समजूत युरोपात, आशियात आणि आफ्रिकेतही आढळते, आणि तिच्यामागे एक निरीक्षण असावे: जोराच्या पावसाने माती वाहून गेली की हे दगड उघडे पडतात. इटलीतील मिकेले मेर्काती यांनी सोळाव्या शतकातच या दगडांत माणसाची हत्यारे ओळखली होती, पण त्यांचे लेखन १७१७ मध्ये छापले गेले. १७२३ मध्ये आंत्वान द जुस्यू यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे अमेरिकेतील लोकांची दगडी हत्यारे आणि हे 'विजेचे दगड' शेजारी ठेवून दोन्ही एकाच रीतीने केलेली आहेत, असे दाखवून दिले.

नदीतला गोटाही गुळगुळीत असतो, मग फरक कसा करायचा? पाणी दगडाला सर्व बाजूंनी सारखे झिजवते आणि धार कधीच ठेवत नाही. कारागीर आधी टवके उडवतो, मग दगडाने ठोकून ठोकून अंग बारीक खड्ड्यांचे करतो, आणि शेवटी वाळू-पाण्याबरोबर दुसऱ्या दगडावर घासतो. घासण्याचे श्रम बहुतेक वेळा धारेकडे अधिक आणि मागच्या बाजूला कमी घेतलेले असतात. आपल्या दगडाची धार दोन्ही बाजूंनी सारखी उतरती आहे, तिच्याजवळ समांतर बारीक ओरखडे आहेत, आणि बुंध्याकडे ठोकल्याचे खड्डे अजून शिल्लक आहेत. एकाच बाजूने उतार असता तर त्याला कुऱ्हाडीऐवजी वाकस म्हणावे लागले असते.

भोकाच्या दगडाविषयी: जुन्या रीतीने दोन्ही बाजूंनी कोरलेले भोक तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद असते, आणि आतल्या भिंतीवर गोल फिरलेल्या रेषा असतात. आपल्या दगडाचे भोक लंबगोल, वाकडे आणि आतून पूर्ण गुळगुळीत आहे, आणि त्याच्या दोन्ही तोंडांशी मऊ थराची एकच पट्टी दिसते. तो मऊ भाग निघून गेला आणि भोक उरले. समुद्रकाठच्या मऊ खडकांत तर शिंपल्यांच्या काही जातीही अशी भोके पाडतात.

प्रश्न: सापडलेले दगड धुऊन, तेल लावून काचेच्या कपाटात ठेवले तर चालेल का?

उत्तर: तेल, व्हार्निश, मेण यांपैकी काहीही लावू नये, आणि घासून तर कधीच धुऊ नये. कडेवर चिकटलेल्या मातीत वनस्पतींचे पिष्टकण किंवा इतर सूक्ष्म अवशेष असू शकतात. धारेची झीज सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हत्यार कशावर चालवले हे ओळखण्याची पद्धत सोव्हिएत अभ्यासक सेर्गेई सेम्योनोव यांनी रुजवली. त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. गवत किंवा धान्याची ताटे कापणाऱ्या पात्याच्या कडेवर येणारी चमक तर पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनी दिसते. लोखंडी ब्रशने घासले की ती खूण जाते आणि तिच्या जागी आपल्या ब्रशची खूण येते. एका पिशवीत अनेक दगड ठेवले तर ते एकमेकांवर आपटून कडांवर नवे टवके उडतात, आणि पुढे त्या टवक्यांना माणसाची घडण समजले जाते. प्रत्येक दगड वेगळा गुंडाळावा.

प्रश्न: मला मिळालेला छिलका किती वर्षांपूर्वीचा आहे, हे प्रयोगशाळेत कळेल का?

उत्तर: सुटा सापडलेला असेल, तर बहुधा नाही. दगड तयार कधी झाला हे मोजणे आणि तो फोडला कधी हे मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरीचे उत्तर सामान्यतः ज्या थरात तो गाडलेला होता त्या थरातून मिळते. रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे क्वार्टझाइटची हातकुऱ्हाड मिळाली. त्याच वर्षी त्यांनी अत्तिरम्पाक्कम हे स्थळही पाहिले. तेथील हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत दगड तेच होते. वय सांगता आले ते शिस्तीने केलेल्या उत्खननामुळे, कारण कोणता दगड किती खोल, कोणत्या थरात होता याची नोंद हाताशी होती.

रूपावरूनही वयाचा अंदाज जपून करावा. साधे छिलके २६ लाख वर्षांपूर्वी इथिओपियातील गोना येथे काढले जात होते, आणि बंदुकीच्या चापात बसवण्याच्या चकमकी इंग्लंडमधील ब्रँडन गावात विसाव्या शतकातही घडवल्या जात होत्या. तुर्कस्तान आणि सायप्रसमध्ये मळणीच्या फळ्यांना खालून चकमकीचे तुकडे ठोकलेले असत, तेही विसाव्या शतकापर्यंत. असे तुकडे शेतात पडलेले सापडतात आणि ते खरोखरच माणसाने घडवलेले असतात. प्राचीन मात्र नसतात.

प्रश्न: सापडलेला दगड जवळ ठेवणे बेकायदा आहे का?

उत्तर: प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, म्हणून आपल्या देशातील नियम पुरातत्त्व खात्याकडूनच समजून घ्यावेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य लोकांनी सापडलेल्या वस्तूंची नोंद स्वेच्छेने करून घेण्याची योजना आहे. इतर कित्येक देशांत वस्तू उचलण्यालाच मनाई आहे. परवानगीवाचून खोदू नये आणि संरक्षित स्थळावरून काहीही उचलू नये, एवढे मात्र सर्वत्र पाळावे. विकत घेऊन संग्रह वाढवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण गिऱ्हाईक आहे म्हणूनच स्थळे उकरली जातात.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. मुलांनी तीन वर्षांत सुमारे दोनशे दगड शाळेत आणले आणि ते सगळे एकाच पेटीत आहेत. फोटोंवरून त्यांत निदान वीस-पंचवीस तरी घडवलेले असावेत. अभ्यासकांना दाखवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न 'कुठे मिळाले?' हाच विचारला. जागेला इतके महत्त्व का?

उत्तर: या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये मिळते. फॉल्सम गावाजवळ १९०८ मध्ये मोठा पूर आला आणि ओढ्याचा काठ खोल कापला गेला. जॉर्ज मॅकजंकिन या गुराख्याला त्या काठात मोठी हाडे दिसली. ती नेहमीच्या गव्यांची नाहीत हे त्याने ओळखले आणि तो आयुष्यभर लोकांना त्याविषयी सांगत राहिला. १९२२ मध्ये त्याचे निधन झाले. १९२६ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि त्यात दगडी भाल्याची टोके मिळाली, परंतु ती खोदताना जागेवरून सुटली होती, त्यामुळे संशय घेणाऱ्यांचे समाधान झाले नाही. १९२७ च्या ऑगस्टमध्ये एक टोक नामशेष झालेल्या गव्याच्या बरगड्यांमध्ये रुतलेले दिसले. या वेळी खोदणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. तारा पाठवून इतर अभ्यासकांना बोलावले, त्यांनी ते टोक जागेवरच पाहिले, आणि हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता हे मान्य करण्यात आले. टोक आदल्या वर्षी मिळाले होते तसेच होते. बदलली होती ती फक्त एक गोष्ट: ते कुठे आणि कशाबरोबर आहे, याला साक्षीदार होते.

त्याच्याही आधी, १७९७ मध्ये, जॉन फ्रेरे यांनी इंग्लंडमधील हॉक्सन येथे विटांच्या मातीच्या खाणीत मिळालेल्या हातकुऱ्हाडींविषयी पत्र लिहिले. सुमारे बारा फूट खोलीवर त्या मिळाल्या, आणि वरच्या प्रत्येक थराची जाडी त्यांनी नोंदवली होती. त्यांच्या पत्राकडे जवळजवळ साठ वर्षे कोणी लक्ष दिले नाही. परंतु १८५९ मध्ये माणसाच्या प्राचीनतेची चर्चा पेटली तेव्हा ते पत्र पुन्हा वाचले गेले आणि उपयोगी पडले, कारण दगडांबरोबर थरही लिहिलेले होते. माझ्याजवळ विद्यार्थिदशेत उचललेले एक फार सुंदर अकिकाचे पाते आहे. ते कोणत्या ओढ्याकाठी मिळाले, हे मी त्या दिवशी लिहून ठेवले नाही, आणि इतक्या वर्षांत त्या पात्याचा कोणत्याही अभ्यासाला काडीचा उपयोग झालेला नाही. त्याची खंत आजही वाटते.

आपल्या पेटीचे सर्व काही गेलेले नाही. हे काम या आठवड्यातच करावे, कारण मुले मोठी होतात आणि विसरतात. दगड टेबलावर पसरा आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा दगड ओळखायला सांगा; मुलांना आपला दगड आश्चर्य वाटेल इतका नेमका ओळखता येतो. त्याला जागा आठवत असेल तर ती त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून घ्या: कोणते शेत, कोणत्या झाडाजवळ, पाणी होते का, एकटा होता की आणखी होते. चिठ्ठीवर मुलाचे नाव, वर्ष आणि आजची तारीख घाला, आणि चिठ्ठी दगडासोबत एकाच पाकिटात ठेवा. दगडावर शाईने काहीही लिहू नका. मग प्रत्येकाचा फोटो घ्या: मोजपट्टी शेजारी, उजेड वरच्या डाव्या बाजूने तिरपा, दोन्ही तोंडे आणि एक कड. अश्महत्यारांची चित्रेही याच उजेडात काढण्याचा संकेत आहे, त्यामुळे ठसे वाचणे सोपे जाते. ज्या दगडाची जागा कोणालाच आठवत नाही, त्याच्या चिठ्ठीवर 'जागा माहीत नाही' एवढेच लिहा. अंदाजाने जागा लिहू नका, आणि तो दगड फेकूही नका, कारण उंचवटा, वलये आणि ठसे कसे दिसतात हे पुढच्या वर्गाला शिकवायला तो चालेल.